कोरियाचा शिक्का

२१ नोव्हेंबर १९९८, शनिवार

वीस वर्षं गिऱ्हाइकाला सांगितलं नाही, ते आज दुकानात बोलून गेलो. दिलीपमुळं.

दिलीप म्हणजे माझा भाचा, ऑर्केस्ट्रातला गिटारवाला. कुठल्याशा अमेरिकन वादकाची सही असलेली गिटार त्यानं मुंबईहून आणली. सगळ्या गल्लीला दाखवून झाली आणि आज मागच्या बाजूला बारीक शिक्का दिसला : कोरियात बनवलेली! तोंड पाडून माझ्या चपलांच्या दुकानात आला.

"मामा, फसलो की! उद्या स्टेजवर ही धरू कशी?"

"आधी वाजीव."

वाजवली. मी चामडं करकरण्यावरून पारखणारा माणूस, गिटारीतलं मला काय कळतंय? पण सूर भरीव होता. खोट्या मालातून असा आवाज निघतो का? हा मात्र त्या शिक्क्यावर अंगठा घासतोय.

मग मला राहवलं नाही.

"लग्नात तुला दिलेली जोडी कुठली रे?"

"कुठली म्हंजे? अस्सल कोल्हापुरी!"

"अथणीची हाय. कर्नाटकातल्या शिवाप्पानं शिवलेली. माझा चांगला माल समदा त्याच्याकडचा."

दिलीप स्वतःच्या पायांकडं बघतच राहिला. मग खदाखदा हसला. "आन् सा वर्षं झाली, एक टाका उसवला न्हाय!" गिटार खांद्याला अडकवली, उद्या हीच वाजवतो म्हणाला.

बरं वाटलं. तेवढ्यात पायरीवरून वळला.

"मामा, हिच्यावर कोरियाचा शिक्का तरी हाय. शिवाप्पाचा कुठाय?"