दोन्ही हातांवर दोन घड्याळं

बाबा, जयभीम!

तू जाऊन तीन वर्षं झाली आणि पत्र लिहायला मला आज सुचतंय. कारणच तसं आहे. माझ्या मास्तरकीच्या पगारातून गोंदियाहून घड्याळ घेऊन आले, चावीचं! आणि दुकानात असा पराक्रम करून आले की तुला सांगितल्याशिवाय जेवण जाणार नाही.

दोन घड्याळांवर मन अडकलं होतं. किंमत जवळपास सारखीच. एक ऑटोमॅटिक, पाठीला काच, आतली चाकं फिरताना दिसतात. काय देखणं होतं रे! दुसरं साधं, पांढऱ्या तबकडीचं, रोज चावी द्यायची. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आँख बंद करके ऑटोमॅटिक ले लो. चावी कौन देता है आजकल?"

मी म्हटलं, "दोन्ही घालून बघते."

"देखो ना!"

"आता अकरा वाजले. तीन वाजेपर्यंत घालते. इथंच बसते."

त्याचं तोंड बघायला हवं होतंस!

मग एक डाव्या हातावर, एक उजव्या, दोन्ही मोबाइलशी मिळवलेली, आणि मी स्टुलावर. तुझीच रीत ना ही? अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडसमोरच्या टपरीत दुरुस्त केलेलं घड्याळ दिवसभर स्वतःच्या हातावर वागवल्याशिवाय तू परत देत नव्हतास. "टेबलावर सारेच बरोबर चालतेत," म्हणायचास, "हातावर घातल्याबिगर समजत नाही." लोक म्हणायचे, दुसऱ्यायच्या घड्याळी घालून मिरवून राहिला!

आणि ती गोष्ट. मी सातवीत. तू डबा द्यायला शाळेच्या फाटकाशी आलास, दोन्ही मनगटं भरलेली. मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. "कोण वो हा?" मी म्हटलं, "मले का माहीत!" तू ऐकलंस. डबा चपराशाजवळ ठेवून गेलास. काऊन नाही रागावलास बाबा? एक थापड मारली असतीस तर बरं झालं असतं!

राग माझाही आहे. काम शिकवायला दादाला बसवलंस, ज्याला त्यात काडीचा रस नव्हता. मला म्हणालास, "पोरीले कायले पाहिजे हे?" मी अभ्यासाच्या निमित्ताने टपरीत बसून, बघून बघून शिकले, कळलं?

आज दुकानातही लोक हसले. एका बाईने लेकीला कोपराने ढोसून माझे हात दाखवले. मी मान खाली घातली नाही. तीन वाजता दोन्ही घड्याळं काउंटरवर ठेवली. काचवालं अर्धा मिनिट पुढे! चावीचं जसंच्या तसं. "चार तासांत अर्धा, म्हणजे दिवसाला तीन मिनिटं," मी म्हटलं. दुकानदाराने दोनदा ताडून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "ये किसने सिखाया, मॅडम?"

"माझ्या बाबांनी! मोरगावच्या बसस्टँडवर घड्याळं दुरुस्त करायचे. मी त्यांची पोरगी!"

इतक्या जोरात बोलले की रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. शाळेच्या फाटकाशी सांगायचं राहिलेलं वीस वर्षांनी बाहेर पडलं. जिंकले रे बाबा!

तुझ्या हत्यारांची पेटी माळ्यावर पडली आहे. या रविवारी उतरवते. शेजारच्या काकूंचं बंद घड्याळ मागून आणीन, दुरुस्त करीन आणि दिवसभर हातावर घालून वर्गात शिकवीन. पोरं हसतील, हसू देत. मी तुझं नाव सांगीन. त्यांनी विचारायच्या आधीच सांगीन.

तुझीच पोरगी,
सुजाता