आहे त्या अवस्थेत घर घेऊ

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत. हे फोनवरच सांगणार होतो, पण तुला फोन लावला की मधेच कोणीतरी घर विकणारा टपकतो आणि आपलं बोलणं अर्धवट राहतं. म्हणून कागद घेतला.

तुला माहीतच आहे, आठवडाभर मी लोकांची हाडं बघतो आणि रविवारी त्यांची घरं. पहिलं घर घेतलं, दुरुस्त केलं, विकलं. त्याचा रंग माझ्या डाव्या कानामागे अजून आहे असं ही म्हणते. आता दुसऱ्या घरासाठी पेपरात जाहिरात दिली आहे : घर विकायचंय? आहे त्या अवस्थेत घेऊ, मध्यस्थ नाही. फोन भरपूर येतात, पण नेमके मी एक्स-रेच्या खोलीत असतो तेव्हा. गेल्या सोमवारी एका गृहस्थांना छाती पाटीला लावून उभं केलं आणि खिशात फोन वाजला. त्या गडबडीत मी गृहस्थांना विचारलं, किती खोल्या आहेत, आणि फोनवरच्याला सांगितलं, श्वास रोखून धरा. त्याने धरलाही म्हणे. आमच्या विभागप्रमुख बाईंनी मला बोलावून शांतपणे विचारलं की मला नोकरी नक्की कोणती करायची आहे.

तर विनंती अशी. एकतीस वर्षं तू कारखान्याचे फोन सांभाळलेस. निवृत्त होऊन तीन महिने झाले, आणि भावोजी सांगत होते की तू दाराची घंटी वाजली तरी कोणाशी बोलायचंय असं विचारतेस. जाहिरातीतल्या नंबरचे फोन तुझ्याकडे वळवू का? फक्त पाच प्रश्न विचारायचे : घर कुठे, खोल्या किती, कागद कोणाच्या नावावर, विकायचं का, आणि कधीपर्यंत. एका फोनला पाच मिनिटं. जूनअखेर घर मिळालं नाही तर पैसे बँकेत मुदत ठेवीत आणि मी रविवारी घरात, असा ठराव हिने एकटीने एकमताने मंजूर केला आहे. तेव्हा नाही म्हणू नकोस.

तुझ्या मायेवर नेहमीसारखा हक्क सांगणारा,
भुंग्या


१५ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

नंबर वळवलास त्याच दिवशी कामाला लागले. वही केली आहे, रेघा आखल्या आहेत, आणि तुझे भावोजी स्वतःचा चहा स्वतः करायला शिकले आहेत. म्हणजे माझ्या निवृत्तीचा एक तरी फायदा झाला.

आठवडाभरात अकरा फोन. एका गृहस्थांना शेजाऱ्याचं घर विकायचं होतं, कारण शेजारी तुतारी शिकतोय. शेजाऱ्याला हे माहीत आहे का असं विचारलं, तर म्हणाले, तेवढं तुम्ही सांगा. एका बाईंना नुसती किंमत हवी होती, जावेला ऐकवायला. एका निवृत्त मास्तरांनी तुझ्या जाहिरातीतली चूक काढली : आहे त्या अवस्थेत म्हणजे घर ज्या अवस्थेत आहे त्या की घेणारा? मी म्हटलं, दोघंही.

तुझा चौथा प्रश्न मात्र पाच मिनिटांत बसत नाही. विकायचं का असं विचारलं की माणूस आधी गप्प होतो आणि मग तासभर थांबत नाही. एक बेकरीवाला भावाशी भांडण झालं म्हणून घर काढत होता. एक तास दहा मिनिटं बोललो. शेवटी कळलं की भांडण घरावरून नाहीच, एका शिडीवरून आहे. शिडी त्याने परत केली, आणि आता घर विकायचं नाही. असे आणखी तीन निघाले. म्हणजे चार घरं वाचली.

दोन पत्ते सोबत लिहिले आहेत. पहिल्यावर उत्तम असा शेरा मारला आहे, तिथे आधी जा. वेळेवर जेवत जा.

तुझं बरं व्हावं असंच जिला वाटतं ती,
ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, मला घरं घ्यायची आहेत. ती वाचवायची आहेत असं मी जाहिरातीत कुठेही म्हटलेलं नाही. तुला फोनवर गाठायचं म्हटलं तर तू कायम गुंतलेली, म्हणून हे दुःख पुन्हा पत्रातच मांडतो.

तुझं उत्तम घर पाहिलं. न्हाणीघरातून एक झाड छप्पर फोडून वर गेलं आहे, आणि मालक त्याला फळं येतात म्हणून जास्त किंमत सांगतोय. शेरा कशावरून मारलास असं मी मनाशी विचारत होतो, आणि त्या माणसाने तोंड उघडल्यावर कळलं. आवाज खरंच छान आहे त्याचा.

पण तुझ्या दुसऱ्या पत्त्याने सगळं भरून काढलं. त्या शिवणकाम करणाऱ्या बाई. कोपऱ्यावरचं घर, तीन खोल्या, रस्त्याच्या बाजूला त्यांचं दुकान, भिंती कोरड्या, कागद त्यांच्या एकटीच्या नावावर. त्यांनी स्वतःहूनच किंमत सांगितली, आणि ती मी मनात धरलेल्या आकड्याच्या जेमतेम निम्मी होती. त्या रस्त्याच्या टोकाला नवीन बस स्थानक होतंय. मला हे बांधकाम खात्यातल्या एका पेशंटने सांगितलं, त्यांना बहुतेक पत्ता नाही. मी काही बोललो नाही. समोर ग्लास होता, पाणी पीत राहिलो. ग्लास रिकामा झाल्यावरही थोडा वेळ पीत होतो.

आठ मार्चला साठेखत करायचं ठरलं आहे. तोपर्यंत त्यांचा फोन आला तर हो किंवा नाही, एवढंच बोल. शिडी वगैरे काढू नकोस. हिने इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला घराविषयी आपणहून विचारलं आहे.

तुझ्या कृपेपेक्षा सध्या तुझ्या मौनाची जास्त गरज असलेला,
भुंग्या


५ मार्च

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचण्याआधी खाली बस.

शिवणकामवाल्या बाईंचा काल फोन आला. सुरुवात साध्या गोष्टींनी झाली : मशीनचं टेबल उतरवून न्यावं की अख्खं. मी हो आणि नाही यांतच बोलत होते, शपथ. मग त्यांनी सांगितलं की आता नजर साथ देत नाही, सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागते, म्हणून बहिणीकडे राहायला जायचं आहे. आणि मग एकदम विचारलं, तुमच्या भावाशी ठरलेली किंमत बरोबर आहे का?

भुंग्या, एकतीस वर्षं मी लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले. त्यांचं बोलणं खरं की खोटं हे बघणं माझं काम नव्हतं. पण या वेळी प्रश्न मला विचारला होता, आणि मधे जोडायला दुसरं कोणी नव्हतं. मी सांगून टाकलं की तुमच्या रस्त्यावर बस स्थानक होतंय, आणि सही करण्याआधी आणखी दोघांना विचारा. त्या बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तू रिकामा ग्लास तोंडाला लावून बसलास हे वाचून मला हसू आलं होतं. नंतर वाटलं, लाज वाटत होती म्हणूनच बसला असशील. ती वाटत असेल तर मी केलं ते तुला पटेल. नसेल तर रागाव, मी ऐकून घेईन.

रागावलास तरी तुझीच,
ताई


१० मार्च

ती. ताईस,
सा. न.

साठेखत झालं नाही. बाईंनी कळवलं की त्यांना विचार करायचा आहे. जाहिरातीतला नंबर मी परत माझ्याकडे वळवला आहे. आजवरच्या मदतीबद्दल आभारी आहे.

कळावे,
भुंग्या


२४ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमच्या भावाने तुम्हाला चार ओळींचं पत्र लिहिलं ते मला कळलं, कारण पाकिटावर तिकीट लावायला ते माझ्याकडेच आले. रविवारभर घरात बसून यांनी दाराच्या कड्या घट्ट केल्या. आता आमची दोन दारं उघडतच नाहीत.

आता घडलं ते सांगते. परवा त्या शिवणकामवाल्या बाई थेट हॉस्पिटलात गेल्या. रीतसर टोकन घेतलं, एक तास रांगेत बसल्या, नंबर आल्यावर आत जाऊन पाटीवर हात ठेवला. यांनी मान वर न करता विचारलं, कुठे दुखतंय? त्या म्हणाल्या, कुठेच नाही, पण तुम्ही फोन न उचलता सापडाल अशी हीच एक जागा आहे असं ऐकलं.

वन्सं, बस स्थानकाचं त्यांना आधीपासून माहीत होतं. त्या जागेची मोजणी करणाऱ्या साहेबांच्या पँटी दोन वर्षं त्याच शिवताहेत. त्यांनी मुद्दाम तिघांना तीच कमी किंमत सांगितली होती, कोण काय बोलतो ते बघायला. एकाने तर वर ऐकवलं की हा रस्ता आता पडतीला लागलाय. यांनी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. यांना साठेखताची तारीख दिली असली तरी तिघांनाही त्यांनी मनातून काढून टाकलं होतं. शेवटचा म्हणून तुम्हाला एक फोन केला. त्या यांना म्हणाल्या, तुमच्या घरात एक माणूस खरं बोलणारं आहे, तर दुसरंही शिकेल असं धरून आले आहे.

यांनी तिथेच कबूल केलं की मला माहीत होतं आणि मी लपवलं. घरी येऊन मला हे सांगताना त्यांचा आवाज एवढासा झाला होता. बाईंनी रास्त किंमत सांगितली आणि हातातली शिलाई संपेपर्यंत महिनाभर राहायची मुभा मागितली. नफा फारसा उरत नाही. मी हो म्हणाले. यांना ते आधी ऐकूच आलं नाही.

सहीच्या दिवशी तुम्ही हजर हव्या, अशी बाईंची अट आहे. हे स्वतः लिहायला लाजताहेत, म्हणून मी लिहिलं. तुम्ही या, आणि दोन दिवस जास्त राहा.

तुमचा जीव आमच्यावर आहेच, तो असाच राहो.
तुमची,
धाकटी भावजय


२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू परत गेल्यापासून घर शांत आहे, आणि मुलीने दोनदा विचारलं की आत्या फोनवर नसताना कुठे असते.

काल ताबा घेतला. बाईंनी शेवटचा कोट शिवून दिला, मशीन टेम्पोत चढवलं आणि आम्हाला दहा मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं. मी आणि ही रस्त्यावर उभे राहिलो. आत काही आवाज नव्हता. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. त्यांनी मला सगळं सांगितलं : मोरीचा नळ उलटा फिरतो, मागची खिडकी आधी उचलायची आणि मग ढकलायची, तिसरी फरशी पोकळ वाजते पण घाबरायचं नाही. मी लिहून घेतलं. मग किल्ली माझ्या हातावर ठेवून त्यांनी माझी मूठ मिटली. आजवर कोणी मला असं घर दिलं नव्हतं. पहिलं घर मी नुसतं विकत घेतलं होतं.

मनात एक गोष्ट राहिली आहे, ती लिहितो. त्या चार ओळी लिहिल्या तेव्हा मला राग तुझा आला नव्हता. तू माझी लाज न विचारता ओळखलीस, त्याचा आला होता. माफ कर.

नंबर पुन्हा तुझ्याकडे वळवतो आहे, आणि ही विनंती नाही, गरज आहे. कारण ऐक. परवा एका निवृत्त ड्रायव्हरचा फोन आला. दोन खोल्या, किंमत अगदीच कमी. मी ठरवलं की या वेळी सुरुवातीलाच खरं बोलायचं. सांगितलं, काका, तुमच्या घरामागून मोठा रस्ता जाणार आहे, तुम्ही जास्त मागा. त्यांनी विचारलं की यात माझा डाव काय आहे. मी म्हटलं, काहीच नाही. ते म्हणाले, चाळीस वर्षं गाडी चालवली, पण स्वतःहून जास्त पैसे देणारा माणूस पाहिला नाही, तेव्हा यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे. मी जितकं समजावलं तितका त्यांचा संशय वाढला. शेवटी त्यांनी मला दम दिला की पुन्हा खरं बोललास तर पोलिसांत जाईन.

ही अजून हसते आहे. ताई, तू तेच बोलतेस आणि लोकांना पटतं. ते नक्की कोणत्या आवाजात बोलायचं, तेवढं सविस्तर लिही.

तुझ्या मायेतला माझा वाटा बेकरीवाल्याला देऊ नकोस, एवढंच मागणारा,
भुंग्या