बसणाऱ्याची डावी

दि. ३

चि. सुईदोऱ्यास,

अ. उ. आ. देवाच्या दयेने आम्ही सुखरूप आहोत आणि तुझं शिवणकाम जोरात असेल असं धरून चालते. बायकोला म्हणावं, नणंदेला दोन ओळी लिहिल्या तर बोटं झिजत नाहीत.

गेल्या आठवड्यात तुझ्या भावोजींनी गाडी आत घेताना फाटकाच्या खांबाला घासली. पुढचा एक दरवाजा खालून चिरला. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून गाडीला ओरखडा नाही, म्हणून मीही बोलून गेले, की लक्ष असतं कुठे तुमचं? तेव्हापासून त्यांनी किल्ली हातात घेतलेली नाही. थोरल्या लेकाचं म्हणणं, गाडी भंगारात काढू, महिनाअखेर माणूस बोलावतो. पण गाडी गेली तर हे घराबाहेर पाऊल टाकणार नाहीत, याचा मी धसका घेतलाय.

पत्रेकाम करणारा म्हणतो, ठोकून सरळ होणार नाही, जुना दरवाजा मिळवा. तुझ्या दुकानामागेच जुन्या भागांचा बाजार आहे. उजव्या बाजूचा पुढचा दरवाजा हवा, फिकट निळा. टाचण्या उचलायचं तुझं लोहचुंबक घेऊन जा. ते जिथे चिकटणार नाही, तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, भरलेली असते. खालच्या कडेवर बोट फिरवून गंज बघ. स्वस्त मिळाला म्हणून हुरळून जाऊ नकोस.

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलंय, हसू नकोस. लोभ मात्र कोऱ्या पानाइतका भरपूर ठेव.

तुझी ताई


दि. १०

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. दरवाजा मालमोटारीने पाठवलाय. चुंबक सगळीकडे चिकटलं, इतकं की सोडवताना दुकानदार हसायला लागला. गंज नाही. जुन्या चादरीत गुंडाळलाय, चादर परत हवी असं तुझ्या भावजयीने बजावलंय. दोन ओळी तिच्याच समज.

दुकानदाराने एक चमत्कारिक प्रश्न केला, की उजवा म्हणजे बसून उजवा की उभं राहून? मी म्हटलं, आमची ताई मॅट्रिक आहे, तिला डावंउजवं शिकवू नका.

भावोजींना नमस्कार. त्यांनी किल्ली सोडली हे वाचून मलाही चैन नाही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा सुईदोरा


दि. १५

चि. सुईदोऱ्यास,

अ. उ. आ. दरवाजा दुसऱ्याच बाजूचा निघाला, आणि चूक माझी आहे. डावा हवा होता; हा चादरीसकट परत पाठवतेय. पत्रेकाम करणारा पोट धरून हसला. म्हणाला, गाडीची बाजू आत बसणाऱ्याची धरायची. मी आपली समोर उभी राहून, देवाला बघावं तसं गाडीला बघितलं. अरे, रोज पूजा करते, देवाचा उजवा हात माझ्या डावीकडे येतो हे मला ठाऊक नाही का! आणि तू रे? बाही घालणाऱ्याची डावी की शिवणाऱ्याची, हे शिंप्याने बहिणीला विचारू नये?

पुन्हा चूक नको म्हणून मी चालवणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसले. तेवढ्यात हे बाहेर आले. काय चाललंय विचारलं, मी सांगितलं, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले. मग दुसऱ्या बाजूने येऊन शेजारी बसले. चिरलेल्या दरवाजाकडे बघत म्हणाले, की खांब दिसलाच नव्हता. आठ महिने झाले, डाव्या डोळ्याने बाजूचं काही दिसत नाही, कुणी पडदा ओढावा तसं. सांगितलं असतं तर तुम्ही किल्ली काढून घेतली असती, म्हणाले.

मी काय विचारलं होतं त्यांना, तर लक्ष कुठे असतं. आणि त्यांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं. रात्रभर तेच डोक्यात फिरत होतं.

उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातोय. आता दरवाजा राहू दे असं लिहिणार होते, पण तेच म्हणाले, मागवा. फाटकी गाडी कुणाच्या हातात द्यायची नाही. कुणाच्या, ते बोलले नाहीत.

तू जवळ हवा होतास. एवढंच.

तुझी ताई


दि. १९

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. दरवाजा बदलून घेतला. या वेळी दुकानदाराने मला खुर्चीवर बसवलं, हातात पत्र्याची थाळी स्टिअरिंगसारखी दिली आणि डावा हात वर करायला लावला. सगळा बाजार बघत होता. रंग एक छटा गडद आहे, पण पत्रा अस्सल. रंगवून हवा का ते कळव.

डॉक्टर काय म्हणाले? कापडावर कात्री ठेवली की तोच विचार येतो. वाईट असलं तरी लिही. माझ्यापासून लपवायचं नाही, एवढा हक्क राहू दे.

तुझा सुईदोरा


दि. २८

चि. सुईदोऱ्यास,

अ. उ. आ. काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याचं जे गेलं ते परत येणार नाही. उजवा शाबूत आहे, औषधाचे थेंब रोज घातले तर राहील. देवाने एक ठेवला म्हणून हात जोडले. भांडायचं होतं, तेही भांडून झालं.

दरवाजा बसवला. रंगवू नको म्हणाले, दुरून चटकन ओळखू येईल. थोरल्याने बोलावलेला माणूस काल आला, त्याला यांनीच फाटकातून परत पाठवलं आणि किल्ली धाकटीच्या हातात दिली. लेकीने परवाना काढून चार वर्षं झाली, पण बापाने तिला कधी चाकाला हात लावू दिला नव्हता. हे डावीकडे तिच्या शेजारी बसले, मी मागे.

फाटकापाशी ते मान वळवून मला म्हणाले, की डावीकडे काय काय आहे ते सांगत राहा. आठ महिने ज्या माणसाने चकार शब्द काढला नाही, त्याने एवढं मागितलं. मग काय, मी सुरू झाले. खांब आहे, सुटला. भिंत आहे. सायकलवाला उभा आहे, टक्कल पडलंय त्याला. पुढे एक बाई कपडे वाळत घालतेय, पिवळी चादर आहे. लेक म्हणाली, आई, एवढं नको सांगूस. हे म्हणाले, सांगू दे.

येताना आणि जाताना माझं तोंड बंद झालं नाही. तुलाही सवड काढून येऊन ऐकायचं आहे, तोवर आमच्यावरची माया तशीच असू दे.

तुझी ताई