रिकामी उतरते

१८ नोव्हेंबर
हिंगोलीहून निघून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वेवजीला पोचलो. खोली लहान पण स्वच्छ आहे. खिडकीतून ताडाची पाच झाडं दिसतात. संस्थेच्या आरोग्य केंद्रात चालकाची नोकरी. पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर नर्सला आणि औषधांना न्यायचं, गरज पडली तर आजारी माणसाला खाली आणायचं.
गाडी पाहिली आणि प्रवासाचा शीण गेला. सव्वीस वर्षांची फोर-व्हील जीप. मागचा एक बाक काढून तिथे स्ट्रेचर बसवलंय. सीटच्या बाजूला दोन लिव्हर आहेत, मोठा गिअरचा आणि छोटा फोर-व्हीलचा. छोट्याची मूठ हाताळून हाताळून गुळगुळीत झालीय. अशी गाडी चालवावी असं फार दिवस मनात होतं. घरी फोन करून सांगितलं.

२१ नोव्हेंबर
वरच्या पाड्यावर पहिली फेरी. डांबरी रस्ता संपल्यावर सहा किलोमीटर दगडगोट्यांची वाट. छोटा लिव्हर ओढला की पुढची चाकंही जोर लावतात. गाडी न कुरकुरता चढली.
चंपाबाईंनी कोरा चहा दिला. त्यांची सून तुळशी सहा महिन्यांची गरोदर आहे. नर्स दक्षाताईंनी तिचं वजन केलं, रक्त कमी आहे म्हणाल्या. नवरा चिमण वेरावळला बोटीवर असतो. तुळशीने मला विचारलं, तुमच्या हिंगोलीला समुद्र आहे का? नाही म्हणालो. मग बोट चालवायला कुठे शिकलात, म्हणाली. आमच्या वाटेवर गाडी तशीच डोलते म्हणे. सगळ्या बाया हसल्या.
तापाने फणफणलेल्या एका बाईला खाली आणायचं होतं. मी स्ट्रेचर पुसून ठेवलं. पाड्यातल्या माणसांनी तिला झोळीत घातलं, बांबू खांद्यावर घेतला आणि मला सांगितलं, गाडी पुढे जाऊ द्या दादा, आम्ही येतो. चौघे तिला घेऊन सहा किलोमीटर चालले. त्यांच्यापुढे मी रिकामी गाडी घेऊन उतरलो. दक्षाताईही झोळीबरोबर चालल्या. कारण विचारलं, तर म्हणाल्या, मला व्यायाम हवाच.
तुळशीचं पहिलं मूल झोळीतच गेलं, हे खाली पोचल्यावर दक्षाताईंकडून कळलं. गाडी दारात असताना. मला राग आला.

४ डिसेंबर
भात झोडून झालं. पाड्यावरचे पुरुष बोटींवर आणि वीटभट्ट्यांवर गेले. आज धोंडीबाबांना धाप लागली तेव्हा झोळीला दोनच माणसं होती, तीही म्हातारी. दक्षाताई डहाणूला मीटिंगला गेल्या होत्या. मी कोणाचं ऐकलं नाही. बाबांना उचलून स्ट्रेचरवर निजवलं. वजन काहीच नव्हतं.
दुसऱ्या वळणावर पुढची चाकं आवळली. छोटा लिव्हर हलेना. अशा वेळी थोडं मागे घेतलं की सुटतं. हातभर मागे घेतली, सुटली. दहा पावलांवर पुन्हा तेच. या वेळी वीस पावलं मागे घ्यावी लागली. मग पन्नास. दर वेळी जेवढं उतरलो त्याहून जास्त चढलो. दुपारी एकला आम्ही पुन्हा पाड्यात होतो, पहिल्या घराच्या कुंपणाशी. बाबा तिथेच गेले.
त्यानंतर लिव्हर टक करून आपोआप सुटला. देह घेऊन दवाखान्यात गेलो. गाडी पाण्यासारखी उतरली.

९ डिसेंबर
चारोटीला मुकेशभाईच्या गॅरेजमध्ये. सगळं खोलून पाहिलं. हा गिअरबॉक्स माझ्यापेक्षा तब्येतीत आहे साहेब, म्हणाला. मागे सिमेंटच्या सहा गोण्या घातल्या. उतारावर ठीक. शेजारच्या सीटवर तो स्वतः बसला. ठीक.
मग गमतीने स्ट्रेचरवर आडवा झाला. हात छातीवर जोडले, डोळे मिटले आणि म्हणाला, चलो, स्वर्गात सोडा.
गाडी जागच्या जागी आवळली. तो उतरला, लिव्हर सुटला. पुन्हा झोपला, पुन्हा आवळली. तिसऱ्यांदा मी सांगितलं तरी झोपला नाही. बराच वेळ साबणाने हात धूत राहिला. मग, गाडी इथे परत आणू नका, म्हणाला. शेठ, साहेब काही न जोडता.

१५ डिसेंबर
माझ्याआधीचा चालक सुदाम आता बोर्डीला चिकूच्या वाडीवर राखणीला आहे. शोधत गेलो. तो चिकू निवडत बसला होता. नजर वर न करता बोलला. चढताना ती काही करत नाही. रिकामी उतरते. बसलेल्या माणसाला घेऊन उतरते. जिवंत माणूस आडवं केलं की उतरत नाही. मेल्यावर उतरते.
ऑफिसला सांगितलं नाही का, असं विचारलं. सांगितलं होतं. त्यांनी फाइलवर दुरुस्ती झाली असं लिहिलं आणि नवा माणूस घेतला.
धोंडीबाबांना गाडीत पाड्यातल्यांनी घातलं की मी, एवढंच त्याने विचारलं. मी म्हणालो, मी. त्याने पुन्हा चिकू निवडायला घेतले.

२८ डिसेंबर
दुसऱ्या गाडीसाठी अर्ज केला होता. उत्तर आलं, मार्चनंतर बघू.
दक्षाताईंना सगळं सांगितलं. त्यांना माहीत होतं. नऊ वर्षं त्या झोळीबरोबर चालल्या आहेत. त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास? नसता ठेवला.
तुळशीला आधीच खाली आणून केंद्रात ठेवायचं ठरलं. बारा जानेवारीला. शेजारच्या सीटवर बसवून आणायचं. बसलेलं चालतं. झोळीला माणसं नाहीत.
मुकेशभाई स्ट्रेचरवर झोपला तेव्हा काय झालं ते तुळशीला सांगितलेलं नाही. धोंडीबाबांचं तिने पाहिलंय. म्हातारा माणूस, त्याची वेळ झाली होती, असं तीच मला समजावते.

८ जानेवारी
आज औषधं द्यायला एकटाच वर आलो. उतरताना मागचा टायर फाटला, स्टेपनीत हवा नव्हती. हाताने पंप मारेपर्यंत अंधार झाला, म्हणून गाडी परत पाड्यात आणली. चंपाबाईंच्या ओट्यावर झोपतोय. तुळशी म्हणते, पाय सुजलेत, बाकी ठीक.

९ जानेवारी, सकाळी ७
तुळशीला रक्त जातंय. खूप. फोनला रेंज नाही. एका पोराला खाली पळवलं, डांबरी रस्त्यावर अॅम्ब्युलन्स बोलवायला. ती इथपर्यंत चढणार नाही.
शेजारच्या सीटवर बसवून पाहिलं. दोनदा. दोन्हीदा तिची शुद्ध गेली.

८.१५
झोळी केली. मी, चंपाबाई आणि शेजारच्या रतन, निलम. बाया मागे, मी पुढे. अर्धा किलोमीटर. चंपाबाईंचा पाय मुरगळला, बांबू सुटला, तुळशी दगडावर —
तिने माझी बाही धरली. गाडीत घाला दादा, म्हणाली. माझं पहिलं झोळीत गेलं. झोळीत नको.
मी सांगायला हवं होतं. ती ऐकणार नाही असं वाटलं. खरं म्हणजे मला सांगता आलं नाही.
पाड्यात जाऊन गाडी आणली.

९.००
दुसरं वळण. आवळली. मागे घेतली. पुन्हा आवळली. मागे घेतली. पुन्हा —

९.३०
तिला उतरवून पुन्हा झोळीत न्यायचं ठरवलं. मागचं दार उघडत नाही. आतून नाही, बाहेरून नाही. माझ्या सीटमागे आडव्या सळ्या आहेत, त्यांतून फक्त माझा हात जातो. रतन आणि निलम पहार आणायला, माणसं आणायला खाली पळाल्या. चंपाबाई दाराशी बसून हाका मारतायत.

१०.१०
आता मागेही जात नाही. इंजिन बंद केलं. करण्यासारखं काही नाही म्हणून लिहितोय.
लिव्हर घट्ट आहे. म्हणजे ती आहे.
मी तिच्याकडे बघत नाही. लिव्हरकडे बघतो.

१०.४०
घट्ट.
ती पाणी मागते. सळ्यांतून ओला रुमाल दिला.
चिमणला काय सांगाल, विचारते. मी म्हणालो, तूच सांग.

१०.५५
घट्ट. हात ठेवून बसलोय. सुटू नकोस, असं म्हणतोय त्याला. गाडी सुटू नये म्हणून मी —

११.०५
हलला. मी ओढला नाही. माझ्या हाताखाली टक करून हलला.
निम्माच. मधे येऊन थांबलाय. पुढे जात नाही, मागे जात नाही. असा कधी —
मागे पाहिलं. तिचे डोळे उघडे आहेत. माझ्याकडे बघतेय. तिनेही तो आवाज ऐकला.
सुटला ना दादा, म्हणाली. चला ना.
तिचा हात पोटावर आहे. मघापासून लाथा मारत होतं, म्हणाली, आत्ता शांत झोपलंय बघा. हसली. झोपलंय तोवर चला.
मी तिला म्हणालो —