अंगणातलं लोखंड

३ मार्च, रविवार

आजही उठले नाहीत. डॉक्टर सांगून थकले — हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने चाललंच पाहिजे, पडून राहिलात तर आधी पाय जातील आणि मग तुम्ही. ह्यांचं एकच पालुपद: बिनकामाचं चालणं म्हणजे भटकणं, आणि मी जन्मात कधी भटकलो नाही. असं म्हणून कूस बदलली.

तेही खरंच म्हणा. पाणीखात्यातली सगळी नोकरी चालण्यातच गेली. डांबराखाली गाडली गेलेली व्हॉल्व्हची झाकणं शोधायची. हातात ती लांब पिवळी काठी — लोखंडाजवळ गेली की कुईं करते, जवळ जावं तसा आवाज चढत जातो. निवृत्त होताना खात्याने तीच हातात दिली. मी तिला सवत म्हणते. माझ्यापेक्षा तीच जास्त हिंडली ह्यांच्याबरोबर! आता कपाटावर धूळ खात पडलीय. सवतीची कीव येईल असं कधी वाटलं नव्हतं.

मला भीती वाटते. इथे लिहिते, बाहेर बोलत नाही.

५ मार्च, मंगळवार

सुचलं! काम नाही म्हणून चालत नाहीत ना? मग काम मी देते.

दुपारी ह्यांचा डोळा लागल्यावर मागच्या अंगणात एक जुनं बिजागर पुरलं. चहाच्या वेळी सहज बोलल्यासारखं म्हटलं, अहो, मागे मातीत काहीतरी लोखंडी गाडलं गेलंय वाटतं, पायाला लागलं, बघता का जरा? म्हणाले, बघू कधीतरी. मेलं ते कधीतरी!

६ मार्च, बुधवार

सवतीची धूळ पुसली, नवी बॅटरी घातली, पलंगाला टेकवून ठेवली. ढुंकूनही पाहिलं नाही.

८ मार्च, शुक्रवार

उठले!

आज सकाळीच माझी शिवणाची मोठी कात्री पुरली. म्हटलं, बिजागर फारच चिमुकलं, त्याच्यासाठी कोण उठेल? माती झटकत वळले तर हे खिडकीत उभे. पलंगापासून खिडकीपर्यंत, आपण होऊन! मी खुरपं पदराआड केलं. चष्मा नव्हता डोळ्यांवर, काही दिसलं नसावं.

खिशातल्या किल्ल्या काढून ठेवल्या — लोखंड अंगावर असलं की काठी खोटं बोलते म्हणे — आणि निघाले. भिंतीला धरत, थांबत, पण गेले. बिजागर मिळालं, कात्री मिळाली. कात्री धुतली, पुसली, शिवणाच्या डब्यात नेऊन ठेवली. आणि माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं की मी चक्क लाजले. ह्या वयात!

१२ मार्च, मंगळवार

रोज पुरते, रोज सापडतं. भंगार संपलं, आता स्वयंपाकघरावर आलेय. काल सांडशी, आज लोखंडी कढई. जे सापडेल ते गुपचूप घासून जागेवर ठेवतात. आख्ख्या संसारात ह्यांना सांडशीची जागा माहीत नव्हती! आडवी वस्तू दोन टोकांना दोनदा बोलते, उभी पुरलेली डोक्यावरच ओरडते — हे सगळं मला समजावतात. मी कानात प्राण आणून ऐकते. जणू नव्यानेच लग्न झालंय.

एक मात्र आहे. पडून पडून बिचाऱ्यांना वारही कळेनासे झालेत. सकाळ-संध्याकाळ विचारतात, आज वार कोणता गं? मी न कंटाळता सांगते. गॅस बंद आहे ना, हेही माझ्यामागून येऊन बघतात. माणूस आजारातून उठला की जरा धास्तावतोच.

१७ मार्च, रविवार

लेकीचा फोन. काल काय जेवलीस? परवा कोण आलं होतं? शेजारणीचं नाव काय? म्हटलं, बाई गं, मुलाखत घेतेस की काय! हसली, पण ओढूनताणून. सासरी काही बिनसलं असेल का?

२० मार्च, बुधवार

आज बक्षीस पुरलं. माझा सगळ्यात चांगला स्टीलचा डबा, आत ह्यांच्या आवडत्या पेपरमिंटच्या गोळ्या. हे तीनदा त्याच्यावरून गेले. काठी गप्प! मी मुद्दाम तिथेच उभी राहून खोकले, तरी पुढे निघून गेले.

कान गेले की काय ह्यांचे? संध्याकाळी जेवण गेलं नाही मला.

२२ मार्च, शुक्रवार

डबा काढून घ्यावा म्हणून हे झोपल्यावर खणायला गेले, तर जागाच सापडेना! इथे म्हणावं तर नाही, तिथे म्हणावं तर नाही. तिसरा खड्डा चालू होता आणि मागून आवाज आला — काय शोधतेस?

खोटं सुचेना. म्हटलं, डबा. इथेच कुठेतरी पुरलाय. आठवत नाही.

रागावले नाहीत, हसले नाहीत. सावकाश गुडघे टेकले, माझ्याशेजारी मातीत बसले आणि हातांनी उकरू लागले. निघाला डबा — पेरूच्या झाडाखाली. मला एक गोळी दिली, स्वतः एक घेतली. मग म्हणाले, "चांगल्या स्टीलला ही काठी ओळखत नाही गं. तिला लोखंडच कळतं. ह्यापुढे लोखंडाचंच पुरत जा. म्हणजे मला सापडेल."

म्हणजे खेळ कळला होता तर! आणि कान शाबूत आहेत! लबाड, कळूनही खेळत राहिले. माझे डोळे भरून आले, तर ह्यांचेही भरलेले.

३० मार्च, शनिवार

काय लिहू. हसू की रडू.

लेकीला फोनवर सहज म्हटलं, तुझे बाबा आता कुंपणापर्यंत तीन फेऱ्या मारतात. तर ती रडायलाच लागली. म्हणे, आई, तुला सांगायचं नाही असं बाबांनी बजावलंय, पण मला राहवत नाही. मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय ना, ते बाबांसाठी नाही. तुझ्यासाठी!

त्या दिवशी खिडकीतून ह्यांना सगळं दिसलं होतं. बायको कात्री मातीत पुरतेय! ह्यांनी ठरवून टाकलं की मला भ्रम झाला. म्हणून ते वार. म्हणून गॅस. लेकीला म्हणाले होते, "मी पडून राहिलो तर ती आख्खं घर पुरून टाकेल. तिच्या मागे कुणीतरी फिरायला हवं."

मला वेडी ठरवलं! तेही परस्पर, बापलेकीने मिळून!

३१ मार्च, रविवार

राग उतरला. सवतीसाठी नाही, कामासाठीही नाही, माझ्यासाठी उठला हा माणूस.

आता सगळं सांगून टाकायला हवं. उगाच जिवाला घोर कशाला? डॉक्टरांसमोरच सांगेन, तेही हसतील. आज मात्र काही पुरलं नाही. हे काठी घेऊन अंगणात दोन पावलं गेले, काही नाही म्हणून लगेच आत आले आणि आडवे झाले. निवांत दिसत होते. दुपारभर पडूनच होते. संध्याकाळीही.

२ एप्रिल, मंगळवार

दवाखान्याची लिफ्ट बंद. म्हटलं, परत जाऊ. ऐकेनात. माझा हात धरून तिन्ही मजले चढले, आणि प्रत्येक वळणावर मलाच विचारत होते, दमलीस का?

डॉक्टरांनी मला समोर बसवलं. सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. ते म्हणाले, काकू, आज वार कोणता सांगा बघू.

ह्यांनी माझा हात घट्ट धरला.

मी म्हटलं, गुरुवार.