मेल्यावर लस घेतलेला सर्जा

ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर
१८ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप अण्णांना,
सून ज्योतीचा नमस्कार.

आधी बातमी. आपला सर्जा जिवंत आहे. गुरांच्या दवाखान्यातल्या विजयमाला डॉक्टरांनी काल स्वतः बघून खात्री केली. पुरात मेला म्हणून तुम्ही ज्याच्या भरपाईचा अर्ज केलात, तो बैल ज्ञानेश्वरीताईंच्या सासरी कडबा खात उभा होता. तुम्हाला नवल वाटेलच.

फोन केला असता, पण तुमचा फोन स्पीकरवर असतो आणि साखर कारखान्यावरच्या ऊसतोड्यांच्या सगळ्या कोप्या ऐकतात. म्हणून मुकादमाच्या टेम्पोतून चिठ्ठी पाठवते. ह्यांना दाखवायची की नाही, ते तुम्ही ठरवा.

आत्याबाई आणि तुमची नात संस्कृती बऱ्या आहेत. तूर छान फुलली आहे.

झालं असं, की डॉक्टर मेलेल्या जनावरांच्या बिल्ल्यांचे नंबर तपासत होत्या. सर्जाच्या कानातला नंबर पुरानंतरच्या लसीकरणात निघाला, तोही ताईंच्या गावी. घरी येऊन म्हणाल्या, "तुमच्या बैलानं मेल्यावर लस घेतली बघा."

मग अर्जातला फोटो दाखवला. सर्जा आडवा, डोळे मिटलेले. कडेला फक्त एक हात, त्याच्या गळ्याखाली खाजवणारा.

"मेलेल्या बैलाला कोण खाजवतं हो?"

शेजारची बायडाबाई म्हणाली, "लई जीव हुता वं त्याच्यावर." आत्याबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. शेवटी डॉक्टरही हसल्या.

हात कोणाचा, ते मी बोलले नाही. पण बायडाबाईची गाय खरीच वाहून गेली, आणि या तपासणीपायी गावाची यादी अडकली आहे. पैसे जमा झालेले नाहीत, तोवर अर्ज मागे घेता येतो. सोमवारपर्यंत तुमची सही हवी. नाहीतर गुन्हा दाखल होईल.

गोठ्याची पडलेली भिंत तुम्हाला उभी करायची होती, मला ठाऊक आहे. तिचा अर्ज वेगळा करू. भिंत खरीच पडली आहे. तलाठी बघायला येणार आहेत.

आज ताईच सर्जाला सोडून गेल्या, चहाही न घेता. त्यानं पेंड खाल्ली. मी गळ्याखाली खाजवून पाहिलं, तर आडवा होईना. नुसता रस्त्याकडे बघतो. सोमवारी अण्णा येतील, असं मी त्याला सांगितलं आहे.

फोटोतला हात ओळखणारी,
तुमची ज्योती