चौथा तुकडा

तीर्थस्वरूप अक्का,

तुला लांबूनच नमस्कार (जवळून वाकलं की गुडघ्याला धक्का लागला म्हणून ओरडतेस). तेल रोज चोळतेस ना? दाजींचा खोकला काय म्हणतो? आमच्याकडे सगळे खाऊनपिऊन ठीक, फक्त घरात कुणी कुणाशी बोलत नाही. का ते सांगतो.

लेकीने आपणहून पसंत केलेल्या आचारी मुलाबद्दल तुला कळवलं, तेव्हा तू हुकूम सोडलास: आधी त्याच्या हातचं जेवून या, तोंडावर काही दाखवू नका, मला सविस्तर लिहा, मग होकार की नकार ते मी ठरवीन. त्याप्रमाणे आम्ही तिघं परवा जाऊन आलो. (फोन करत नाही, कारण फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो.)

त्याचं हॉटेल छोट्या बशांचं आहे. तिथे ताट नाही, वाढणं नाही. एकेक पदार्थ चिमुकल्या बशीत येतो, मधोमध ठेवतात आणि सगळ्यांनी वाटून खायचा. मी पडलो कारखान्याची खानावळ चालवणारा. हात पातेल्यावर बसलेला. पहिली बशी आली तेव्हा मला वाटलं, चव बघायला दिलंय. मी म्हणालो, "छान आहे, आणा आता." वाढपी म्हणाला, "आणलंय, काका." (आमच्याकडे तेवढं डावाला चिकटून राहतं.)

पण अक्का, खोटं कशाला बोलू? चव काय होती! पहिलं आलं ते भाजलेलं गाजर. गाजर म्हणजे भाजीत भर घालायची वस्तू, अशी माझी आजवरची समजूत. या पोराने ते कसल्या धीराने भाजलं असेल कोण जाणे. बाहेरून जरासं करपट, आतून मऊसूत, आणि गोडी गाजराची, साखरेची नव्हे. मग भरलेली अळंबी आली, मग मासा, त्यावर लिंबू नुसतं दाखवून नेल्यासारखं. खाताना मी पहिल्यांदाच गप्प बसलो असेन. तुझी भावजय तर प्रत्येक बशीला हात जोडायच्या बेतात होती.

गोंधळ झाला तो आपल्या घराण्यामुळे. बशीत तुकडे चार आणि आम्ही तिघं. आता शेवटचा तुकडा आपल्यात उचलतो कोण? शेवटचा घास दुसऱ्याचा, हे लहानपणी तूच पळीने बोटं शेकून शिकवलंस. मी म्हटलं, तू घे. ही म्हणाली, पोरीला हवाय. पोर म्हणाली, बाबांना द्या. वाढपी बशी उचलायला आला की आम्ही तिघंही "राहू दे, राहू दे" म्हणून ओरडायचो. असं करता करता एकेक तुकडा सांभाळणाऱ्या बशांनी टेबल भरलं. शेजारचं टेबल जोडलं, तेही भरलं. पलीकडचे एक गृहस्थ उठून आले आणि हे विकायला मांडलंय का, असं अदबीने विचारून गेले.

इतक्यात आतून तो स्वतःच आला. चेहरा पांढराफटक. मुलीकडची माणसं प्रत्येक बशीत टाकतायत, अशी बातमी आत गेली होती. "काका, काही बिघडलं का? एकही बशी संपली नाही." मी तुझ्या हुकमाप्रमाणे मूग गिळून छताकडे बघत बसलो. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी तुझी भावजयच म्हणाली, "अरे बाबा, बिघडलं काही नाही. शेवटचा तुकडा आमच्यात कुणी घेत नाही, एवढंच."

मग त्याने खुर्ची ओढली. "मी घेऊ मग? सकाळपासून धास्तीने काही खाल्लं नाही," म्हणाला आणि बशीमागून बशी साफ करत सुटला. माशात मीठ चिमूटभर जास्त पडलंय, हेही तोच म्हणाला (पडलं होतं. मी बोललो नव्हतो). पाहुण्यांसमोर आपल्याच हातच्या जेवणाला नाव ठेवणारा आचारी मी आजवर पाहिला नाही. मी स्वतःही तसला नाही. मग तो आत गेला आणि गोडाची बशी आली. तिच्यात तुकडे तीन होते! अक्का, दाजींना जे कळायला निम्मा जन्म लागला, ते आपलं घराणं या पोराने एका बैठकीत ओळखलं. मला तो फार आवडला.

तेव्हा सविस्तर कळवलं आहे. ठरवणारी तू.

तुझा आज्ञाधारक (दुसरी सोय ठेवलीस कधी?)
भाऊ

ता. क. पोट भरलं का, हे विचारू नकोस. घरी आल्यावर मी हळूच पातेली उघडायला स्वयंपाकघरात गेलो, तर तुझी भावजय माझ्याआधीच तिथे उभी.

आणखी एक ता. क. छताकडे बघण्याचा हुकूम मी इतका चोख पाळला, की मी मुलाला नापसंत केलं असं पोरीला वाटतंय. परतताना तिने विचारलं, "बाबा, कसा वाटला?" मी म्हणालो, "आत्या ठरवेल." तेव्हापासून तिने खोलीचं दार लावून घेतलंय. म्हणून सांगतो, हे वाचून झालं की लगेच होकाराचा फोन कर, आणि मला नको, थेट तिलाच कर. मी सांगायला गेलो की भलतंच बोलून परत येतो. एकुलती एक आहे गं. काल दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो आणि "दिवा बंद कर" एवढंच म्हणून परत आलो. आज सकाळी पुन्हा गेलो आणि पुन्हा तेच म्हणालो. दिवा बंदच होता.